पानं फुटायच्या आत

ऑस्मो हुत्तुनेनच्या तोंडून सरळ 'हो' निघालेलं त्याच्या बायकोनेही कधी ऐकलं नव्हतं. 'बघू', 'जमेलसं दिसतंय', 'आलो तर सकाळचाच येईन', असली त्याची उत्तरं. सावोच्या तळ्यांच्या मुलखात सगळेच असे बोलतात, आणि वर हसून म्हणतात, सावोचा माणूस बोलला की पुढची जबाबदारी ऐकणाऱ्याची. चेष्टेत ठीक आहे. पण ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचं घर टांगलेलं असतं त्याने असं बोलू नये, हे ऑस्मोला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

एकोणिसाव्या वर्षी तो टेलिफोन कंपनीत लागला. पायाला लोखंडी आकडे बांधून खांबावर चढायचं आणि तारा ओढायच्या, हे काम. जंगलातून, दलदलीतून, तळ्यांच्या काठाने त्याने तारा नेल्या. ज्या घरी पहिल्यांदा घंटी वाजायची त्या घरची म्हातारी त्याला कॉफी पाजायची आणि वेलदोड्याचा पाव हातात कोंबायची. तीस वर्षांनी त्याच कंपनीने त्यालाच त्या तारा उतरवायला पाठवलं. आता सगळं मोबाइलवर, खांब कशाला पोसायचे, असा साहेबलोकांचा हिशेब. आपण रोवलेले खांब आपणच उपटत ऑस्मो दोन उन्हाळे हिंडला. तिसऱ्या उन्हाळ्यात उपटायला काही उरलं नाही, तेव्हा कंपनीने त्यालाही उपटून टाकलं. बायको म्हणायची, "तू वर चढलास की खाली कोण उभं आहे ते विसरतोस." एक दिवस ती दमून तुर्कूला बहिणीकडे गेली ती तिकडचीच झाली.

कोइवुवाराच्या वाडीवरच्या एल्वीची तार तोडली तो दिवस मात्र ऑस्मोच्या डोक्यातून कधी गेला नाही. एल्वी पायरीवर उभी राहून बघत होती. तिचा नवरा रेइनो लाकडाच्या ढिगापाशी, नेहमीसारखा गप्प. तार खाली पडली तशी एल्वी म्हणाली, "झालं. आता घर मुकं झालं."

आणि तेव्हा, आयुष्यात एकदाच, ऑस्मो सरळ बोलून गेला. "मालकीणबाई, मी आहे तोवर तुमचं घर मुकं राहायचं नाही."

त्या शब्दाखातर तो अँटेनाच्या धंद्यात पडला असं म्हणणं जास्तीचं होईल. पोट होतंच. पण ज्या ज्या घराची तार त्याने तोडली होती, त्या त्या घराच्या छपरावर तो पुढे अँटेना घेऊन चढला हे खरं. मोबाइलचा टॉवर कुठल्या डोंगरावर आहे, मध्ये कोणतं रान आहे, तळ्याच्या पाण्यावरून लाटा कशा येतात, हे त्याला कागद न बघता कळे. टॉवरच्या दिशेने अँटेना रोखायची, तिची तार घरातल्या राऊटरला जोडायची, की ज्या खोलीत रेंजची एक दांडी दिसत नसे तिथे चार दिसायच्या. एल्वीचंच घर तेवढं राहिलं होतं. तिने कधी मागितलं नाही. फोन आला तर विहिरीपाशी जाऊन उभी राहायची, तिथे रेंज होती.

फेब्रुवारीत बर्फावरून घसरून एल्वीच्या खुब्याचं हाड मोडलं. ती काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागते न लागते तोच रेइनोच्या हृदयाने दगा दिला आणि त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सव्वाशे किलोमीटरवर. आता विहिरीपाशी कोण जाणार? एल्वीने शेजारच्या काउकोकरवी निरोप धाडला. खाडीपलीकडे राहणारा काउको ऑस्मोला म्हणाला, "म्हातारी म्हणते, तुला सवड असली तर. नसली तरी चालेल."

ऑस्मो दुसऱ्याच दिवशी गेला. मार्च होता, तळं गोठलेलं, आणि घरापुढच्या उतारावर बर्चची झाडं उघडीबोडकी उभी. टॉवर पलीकडच्या काठावर, अकरा किलोमीटर, नेमका त्या बर्चांच्या डोक्यांतून. ऑस्मोने पोटमाळ्याच्या भिंतीला लोखंडी खांब आवळला, त्यावर अँटेना चढवली आणि तसूभर डावीकडे, तसूभर उजवीकडे फिरवू लागला. एल्वी खाली पायरीवर शाल गुंडाळून बसली होती. तिच्या हातात पुतणीने दिलेला स्वस्तातला टॅब.

"किती दांड्या, मालकीणबाई?"

"दोन. नाही, तीन. आता परत दोन. अरे, बाईला नाचवल्यासारखं काय फिरवतोस त्याला!"

"आता?"

"चार! हलू नकोस! चार!"

संध्याकाळी सहाला वॉर्डातल्या नर्सने रेइनोपुढे टॅब धरला आणि कोइवुवाराच्या स्वयंपाकघरात रेइनोचा चेहरा उमटला. खुरटी दाढी, नाकात नळी. एल्वीने आधी स्वतःचे केस सारखे केले. मग ओरडली, "जेवलास का?"

रेइनो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "हं," म्हणाला.

तो मूळचा हामे प्रांतातला. तिकडची माणसं शब्द मोजूनमापून वापरतात, आणि रेइनो त्यांच्यातही गप्प म्हणून नावाजलेला. एक्कावन्न वर्षांच्या संसारात एल्वी बोलली आणि त्याने ऐकलं, अशीच वाटणी होती. तिला त्यात काही कमी वाटलं नाही. तो ऐकतोय हे तिला पाठमोऱ्या रेइनोवरूनही कळे, असं ती म्हणायची.

ऑस्मोने सामान आवरलं. खांबाकडे आणि मग बर्चांकडे बघत तो म्हणाला, "आत्ता झाडं उघडी आहेत म्हणून येतंय. पान फुटलं की हे सगळं अडवेल. ओलं पान म्हणजे पाण्याची पिशवी, लाट आरपार जात नाही. खांब तीन मीटर वर घ्यावा लागेल. आज माझ्याकडे तेवढा नाही."

"मग?"

"येईनसं वाटतं. पानं फुटायच्या आत."

एल्वीने त्या 'वाटतं'कडे लक्ष दिलं नाही. तिने ऐकलं ते एवढंच की ऑस्मो पानं फुटायच्या आत येणार.

एप्रिल गेला. एक मेचा वसंताचा सण उजाडला, लोकांनी सणाच्या पांढऱ्या टोप्या घातल्या, मधाचं गोड पेय घेतलं, वर हिमाचे चार शिंतोडेही पडले. ऑस्मो रोज सकाळी दाराबाहेर येऊन आपल्या अंगणातला बर्च बघायचा. पहिलं पान बाहेर येतं तेव्हा ते उंदराच्या कानाएवढं असतं, आणि लोक म्हणतातही तसंच, उंदराचे कान आले. ऑस्मोच्या झाडाला अजून काही नव्हतं. म्हणजे आठवडा आहे हातात, तो मनाशी म्हणायचा. तीन मीटरचा खांब महिनाभर गाडीच्या टपावर बांधलेलाच होता.

चूक होती ती इथे, आणि ती दुसऱ्या कुणी केली असती तर ऑस्मोनेच त्याला शिव्या घातल्या असत्या. त्याचं घर थंड खोलगटात होतं. एल्वीचं दक्षिणेच्या उतारावर, दिवसभर ऊन खाणारं. तिथे पान आठ-दहा दिवस आधी येतं. चाळीस वर्षं रानात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक होतं. पण आपल्या दारातलं झाड बघणं सोपं असतं. शिवाय मनात एक पक्कं होतं, की काही बिघडलं तर एल्वी कळवेल. फोन नाही म्हणजे सगळं ठीक. सारा मुलूख याच विश्वासावर चालतो.

आणि मधेच तो हेलसिंकीचा माणूस आला. तळ्याकाठी काचेच्या भिंतींचं उन्हाळी घर बांधलं होतं त्याने, आणि जून लागायच्या आत त्याला तिथे बसून ऑफिसचं काम करायचं होतं. "मी चौकशी केली," तो म्हणाला, "सगळे म्हणाले, या जिल्ह्यात ऑस्मोसारखा माणूस नाही." ऑस्मोला स्तुतीचं वावडं नव्हतं, सवय मात्र नव्हती. जे काम दोन दिवसांत उरकलं असतं ते त्याने पाच दिवस केलं. तार भिंतीतून अशी नेली की दिसूच नये, अँटेना चिमणीच्या आडोशाला अशी बसवली की तळ्यावरून बघणाऱ्यालाही खुपू नये. एकवीस मेच्या संध्याकाळी तो छपरावर शेवटचे बोल्ट आवळत होता. फोन गाडीत, जाकिटाच्या खिशात. रात्र तर कसली, नऊ वाजता लख्ख उजेड. मालकाने वाफेचा सौना तापवला होता, बिअर काढली. ऑस्मो खुशीत होता. घरी येऊन तसाच झोपला.

सकाळी कॉफी उकळत असताना त्याने फोन बघितला. अनोळखी नंबर, आदल्या दिवशीच्या सहा चाळीसचा, आणि रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप. एका तरुण मुलीचा आवाज होता.

"नमस्कार, मी वॉर्डातून नर्स बोलतेय. रेइनो म्हणतात की तुम्हाला विचारावं. एल्वींचं चित्र आलं आणि लगेच गेलं. मी पुन्हा पुन्हा लावून बघतेय, लागत नाहीये. ते म्हणतात, ऑस्मोला कळेल काय झालंय ते." मग मागे काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं, आणि ती म्हणाली, "ते म्हणताहेत, घाई काही नाही म्हणावं."

ऑस्मोने कॉफी तशीच टाकली. बाहेर आला तर त्याच्या अंगणातल्या बर्चाला उंदराचे कान आले होते.

साठ किलोमीटर त्याने कसे कापले ते त्याला आठवत नव्हतं. कोइवुवाराच्या चढावरून वळला तसा समोर सगळा उतार हिरवागार. मोठी, पुरी, चकाकणारी पानं. आणि त्या हिरव्याच्या वर, एल्वीच्या अंगणातल्या काठीवर निळा क्रूस असलेला पांढरा झेंडा, अर्ध्यावर उतरवलेला.

ज्या घरात माणूस जातं त्या घरचा झेंडा अर्ध्यावर येतो. विचारायला काही राहिलं नव्हतं. ऑस्मो गाडीतच बसून राहिला. दोन्ही हात चाकावर, आणि डोळ्यांपुढचा झेंडा त्याला नीट दिसेना. शेवटी दार उघडून एल्वीच काठी टेकत बाहेर आली.

"बसलास काय तिथे? कॉफी झालीय."

स्वयंपाकघरात काउको टोपी हातात घेऊन बसला होता. पहाटे चारला रेइनो गेला. हॉस्पिटलचा फोन काउकोकडे आला, तो खाडीला वळसा घालून चालत येऊन सांगून गेला आणि मग त्यानेच झेंडा चढवला. आता ऑस्मो आलाय म्हटल्यावर तो उठला. "गाईंचं बघायला हवं," म्हणाला आणि गेला.

एल्वीने कपात कॉफी ओतली.  पाव कापून पुढे केला. मग खुर्चीत बसली आणि ऑस्मोला वाटलं आता ही रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर रडण्यापेक्षा वेगळंच काहीतरी होतं. तृप्तीच म्हणायची.

"तुझे उपकार झाले बघ, ऑस्मो," ती म्हणाली. "तू ते वर लावलंस म्हणून काल त्याच्याजवळ बसता आलं मला."

ऑस्मोचा कप हातातच राहिला.

"काल?"

"काल रे. सहाला आला. 'एल्वी' म्हणाला. नुसतं नाव घेतलं आणि हात असा वर केला," तिने पंजा उघडून दाखवला, "आणि तसाच धरून ठेवला. माझ्याकडे बघत. एक्कावन्न वर्षांत या माणसाने असा हात कधी केला नव्हता. स्टेशनवर सोडायला आला तरी खिशातून हात काढायचा नाही. मी म्हटलं, आज याला काहीतरी झालंय, आज याला ऐकायचंय. तर मी बोलत बसले. दीड तास! बटाटे लावले काउकोने ते सांगितलं. पाकोळ्या आल्यात गोठ्यात, गेल्या वर्षीच्याच घरट्यात, ते सांगितलं. आणि... दुसरंही सांगितलं. म्हातारपणी कोण सांगतं असलं! पण सांगितलं. त्याच्यासाठी मोजा विणत होते, त्याची टाच वळवून झाली बोलता बोलता. तो हलला नाही जागचा. एकदाही डोळा काढला नाही माझ्यावरून. एवढं चांगलं तो कधी ऐकत नव्हता."

बाहेर वारा सुटला होता आणि बर्चांची सळसळ स्वयंपाकघरात येत होती.  चित्र आलं आणि लगेच गेलं, असं ती नर्स म्हणाली होती. तिकडे गेलं, इकडे गोठलं. स्वस्तातला टॅब, शेवटचं चित्र धरून बसला दीड तास. आणि तो हात! पडदा काळा झाला तेव्हा म्हातारा त्याला हात लावायला गेला असणार.

"अडखळलं नाही कुठे?" त्याने कसंबसं विचारलं.

"चार दिवस अडखळतच होतं. खाली बारीक अक्षरं यायची, चष्म्याशिवाय मला कुठे दिसतात! पण म्हटलं, तुला कशाला त्रास? तू येणारच होतास ना, पानं फुटायच्या आत."

ती हे टोचून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधंच म्हणाली.

मग जरा वेळाने, कपाचा कान बोटाने चाचपत तिने विचारलं, "तुला यातलं कळतं म्हणून विचारते. त्याला सगळं ऐकू गेलं असेल ना रे? ते शेवटचं मी हळू बोलले. माझा आवाज पोचला असेल ना?"

जन्मभर 'हो' न म्हटलेला माणूस. त्याने खाली बघितलं, टेबलावरच्या अर्ध्या मोज्याकडे.

"हो," ऑस्मो म्हणाला. "पोचला, मालकीणबाई. सगळं पोचलं."

एल्वीने डोळे मिटले. "मग झालं," म्हणाली.

आता त्याने उठून घरी जायला हवं होतं. खोटं बोलला ते बोलला, दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेलं खोटं तिथेच ठेवून निघून जावं. पण ऑस्मोला त्या खुर्चीत बसवेना आणि तोंड घेऊन परतही जाववेना. त्याच्या हातांना एकच गोष्ट येत होती. तो बाहेर गेला, गाडीच्या टपावरच्या दोऱ्या सोडल्या आणि तीन मीटरचा खांब खांद्यावर घेतला.

"आता कशाला?" एल्वी दारातून म्हणाली. "आता कोण यायचंय त्यात?"

"कबूल केलं होतं मी."

"मग राहू दे की. मी काय तुला धरून ठेवणार आहे?"

"नाही," तो म्हणाला. "लावतो."

तो शिडीवरून चढला. जुना खांब सैल केला, नवा त्याच्या डोक्यात घातला, पाना लावून आवळू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले होते, पुसायला जमत नव्हतं. पाठ खालच्या बाजूला होती तेच बरं. अँटेना पानांच्या वर गेली. पलीकडे तळं दिसलं, आणि त्याच्याही पलीकडे डोंगरावर टॉवरची लाल-पांढरी काडी.

"एकट्याने कसं रोखशील?" खालून एल्वीचा आवाज आला. ती पायरीवर येऊन बसली होती, शाल गुंडाळून, आणि या वेळी चष्मा लावून. मांडीवर टॅब. "काल मिटून ठेवला तो उघडलाच नव्हता. सुरू केलाय. फिरव तू, मी सांगते."

ऑस्मोला नको म्हणायचं होतं. का नको ते सुचलं नाही. त्याच्या मनात तेव्हा एवढंच होतं की एकदा चार दांड्या येऊ देत, एकदा तरी दिलेला शब्द पुरा होऊ दे, मग ती काढून टाकायला सांगेल तर काढून टाकू.

"एक," एल्वी म्हणाली. "एकच. हं, दोन. अजून जरा तिकडे. तीन. हळू. चार! राहू दे, चार आल्या."

त्याने बोल्ट आवळला.

खाली टॅब वाजला. टिंग. मग परत, टिंग. मग लागोपाठ.

ऑस्मोचा हात पान्यावर थबकला. काय झालंय ते त्याला त्या आवाजावरूनच कळलं. अडकून पडलेलं सगळं आता येत होतं. त्यानेच वाट मोकळी करून दिली होती.

"काहीतरी आलं रे," एल्वी म्हणाली. "एकदम पाच-सहा." तिने चष्मा नाकावर वर सरकवला आणि शाळेतल्या मुलीसारखं, अक्षर लावत वाचायला लागली. "रेइनो. व्हिडिओ कॉल. काल, सहा वाजून आठ मिनिटं. उत्तर मिळालं नाही. रेइनो. सहा वाजून बारा. उत्तर मिळालं नाही. रेइनो, सहा एकवीस. रेइनो..." तिचा आवाज हळूहळू खाली आला. "सहा पन्नास. सात वाजून पाच. सात पंचवीस."

ती थांबली. बर्चांची सळसळ चालूच होती. ऑस्मो छपरावर गुडघ्यांवर बसला होता, पाठ अजून तिच्याकडेच.

"सातला तर तो माझ्यासमोर होता," एल्वी म्हणाली.  तिने एकेक वेळ पुन्हा वाचली असावी. "मला बोलावत होता तो. सहापासून. आणि मी..."

ऑस्मोने मान वळवली. एल्वी वर बघत होती. एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

"मग मी कुणाशी बोलत होते, ऑस्मो?"

  तो तसाच बसून राहिला, आणि या वेळी एल्वीने त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ बरोबर लावला.